शब्दचर्चा : माया नगरांचा 'ऱ्हास' झाला, 'अस्त' झाला की ती 'ओस पडली'?

पाटीपुस्तक

नववी-दहावीच्या मुलांसाठी मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीवर एक पाठ लिहून होत आला आहे. एक वाक्य अडले आहे: 'इ.स. ९०० च्या सुमारास माया साम्राज्याचा गूढरीत्या विनाश होऊन ही संस्कृती नामशेष झाली.' इंग्रजी ग्रंथांत सगळीकडे 'कोलॅप्स' आहे. त्यासाठी विनाश, ऱ्हास, पतन, अस्त, लोप यांपैकी कोणता शब्द धरावा? शिवाय 'ह्रास' लिहावे की 'ऱ्हास'?

शब्दवेध

शेवटचे आधी. संस्कृतात ह्रास, मराठीत ऱ्हास. मराठी पाठ्यपुस्तकात ऱ्हासच लिहा.

आता वाक्य. त्यात एक नव्हे, चार शब्द बदलावे लागतील.

'साम्राज्य' काढा. माया प्रदेशावर एका सम्राटाची सत्ता कधीच नव्हती. तिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान अशी कित्येक नगरराज्ये होती. प्रत्येकाचा राजा वेगळा, घराणे वेगळे, आणि आपसांत लढाया, सोयरिकी, मांडलिकी. साम्राज्य म्हटले की एक राजधानी पडली आणि सगळे संपले असे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे येते. इथे प्रत्येक नगराचा शेवट वेगवेगळ्या वर्षी झाला आहे.

'इ.स. ९०० च्या सुमारास' हेही त्यामुळेच फसवे आहे. दोस पिलास ७६१ मध्ये सोडले गेले. पालेंकेची शेवटची ज्ञात तारीख ७९९ ची, तीही एका मातीच्या भांड्यावर. कोपानची ८२२, तिकालची ८६९, सेइबालची ८८९. दीर्घगणनेतली (ठरलेल्या आरंभदिनापासून दिवस मोजणारी माया कालगणना) सर्वांत उशिराची तारीख तोनिनाच्या स्मारकशिळेवर आहे, ९०९ ची. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे. आपल्याकडे १८१८ म्हटले की पेशवाई संपली असे एका आकड्यात सांगता येते, तसा आकडा इथे नाही.

'नामशेष' तर पूर्ण उलटा पडतो. नामशेष म्हणजे ज्याचे केवळ नाव उरले ते. माया नगरांच्या बाबतीत नावे हरवली आणि माणसे राहिली. 'पालेंके' हे स्पॅनिश नाव, तिथल्या कोरीव लेखांत त्या जागेचे नाव लाकामहा आहे. तिकालच्या राजचिन्हात मुताल हे नाव वाचले जाते. आणि माया भाषा बोलणारे लोक आज लाखोंच्या संख्येने आहेत. एकट्या ग्वातेमालात बावीस माया भाषांना अधिकृत मान्यता आहे. १९९२ चे शांततेचे नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे माया आहेत. त्या समाजाच्या मुलाने हे वाक्य वाचले तर त्याला काय वाटेल, एवढा विचार केला तरी 'नामशेष' आपोआप गळेल.

पाटीपुस्तक

हे तिन्ही बदलते. चौथा 'विनाश'? त्याच्या जागी ऱ्हास चालेल ना?

पांढरी-काळी

ऱ्हास म्हणजे झीज. हळूहळू, अंगातून कमी होत जाणे. जंगलाचा ऱ्हास, जमिनीच्या कसाचा ऱ्हास. माया नगरांच्या भोवतीच्या मातीला तो शब्द शोभेल. राजसत्तेला शोभत नाही, कारण तिथली मोडतोड कित्येक ठिकाणी एका पिढीत उरकली आहे.

कोपानचे उदाहरण जवळून पाहा. तिथे 'वेदी क्यू' नावाने ओळखला जाणारा चौकोनी दगड आहे, ७७६ चा. चार बाजू, प्रत्येक बाजूवर चार राजे बसलेले, असे सोळा. समोरच्या बाजूला घराण्याचा संस्थापक सोळाव्या राजाच्या, याश पासाहच्या, हाती राजदंड देतो आहे. सुमारे साडेतीन शतकांची वंशावळ एका दगडात. मग ८२२ चा दुसरा दगड, 'वेदी एल'. त्याच धर्तीवर कोरायला घेतलेला. एका बाजूला उकित तोओक हा नवा दावेदार याश पासाहसमोर बसला आहे, ती बाजू पूर्ण. दुसरी बाजू अर्धवट. उरलेल्या दोन बाजूंना छिन्नी लागलेलीच नाही. त्यानंतर कोपानमध्ये कुठल्या राजाने काही कोरून घेतल्याचे मिळत नाही.

याला मराठीत नेमका शब्द आहे: घराण्याचा अस्त. वंशावळीचा दगड अर्धा सोडून पाथरवट उठून गेले, तिथे 'ऱ्हास' म्हणणे फार मऊ आहे. मात्र राजघराणे गेल्यावरही कोपानच्या खोऱ्यात काही वस्ती टिकून होती. तेव्हा 'कोपानचा अस्त' असे मोघम लिहू नका, 'कोपानच्या राजघराण्याचा अस्त' लिहा.

शब्दवेध

याला जोडून 'पाडाव'. शत्रूने चालून येऊन जागा घेतली तर पाडाव. शेवटचे स्वतंत्र माया राज्य म्हणजे ग्वातेमालातल्या पेतेन इत्सा सरोवरातल्या बेटावरचे नोहपेतेन. ते स्पॅनिशांनी मार्च १६९७ मध्ये घेतले. तो पाडाव. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांपर्यंत एक माया राज्य उभे होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. '९०० ला संपले' या समजुतीला त्याहून चांगले उत्तर नाही.

'पतन' टाळावे. मराठीत त्याला नैतिक घसरणीचा वास आहे. वाचणारा लगेच त्यांचे काय चुकले ते शोधू लागतो.

कातळकडा

नगरांसाठी आपल्या महसुली दप्तरातला शब्द घ्या: बेचिराग. फारसी बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाची शीव आहे, जमिनीची मोजणी आहे, पण गावठाणात एकही दिवा लागत नाही, ते बेचिराग गाव. विदर्भात यालाच रीठ किंवा रिठी म्हणतात. लोक का गेले याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. रोगाने, अवर्षणाने, लढाईने, पाणी आटल्याने, कशानेही. पुराव्याच्या पुढे न जाणारा शब्द म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

अडचण एकच. आज लोक 'बेचिराख' म्हणतात आणि त्यात राख ऐकतात, त्यामुळे अर्थ 'जाळून भस्म केलेले' असा झाला आहे. तो अर्थ आता रूढ आहे, त्याला चूक म्हणत बसू नये. पण दोन्ही रूपे हाताशी ठेवली तर माया नगरांतला फरक फार स्वच्छ सांगता येतो. आग्वातेका नवव्या शतकाच्या आरंभी शत्रूने जाळले. वाड्यांत भांडी, जाती, कारागिरांची हत्यारे जागच्या जागी सापडली, म्हणजे लोकांना आवरायलाही वेळ मिळाला नाही. ते बेचिराख. तिकालमध्ये ८६९ नंतर तारखेची स्मारकशिळा नाही, आणि पुढे काही लोक जुन्या वाड्यांच्या दालनांत चुली मांडून राहत होते. तिथली वस्ती विरत गेली. ते बेचिराग.

वेलांटी

दहावीच्या मुलाला बेचिराग आणि बेचिराख यांतला फरक समजावण्यातच पान जाईल. 'ओस पडले' हे बोलीतले आहे, तेवढेच तटस्थ आहे. टीपेत बेचिराग द्यावा, मजकुरात 'ओस पडली'.

कातळकडा

मान्य. टीपेत तरी नक्की द्या.

पाटीपुस्तक

पुढचा परिच्छेद कारणांचा आहे. 'दीर्घ दुष्काळामुळे पाऊस ७० टक्क्यांवर आला' असे वाक्य आहे. ठीक?

पांढरी-काळी

दोन चुका आहेत, आणि दुसरी गंभीर आहे.

पहिली: 'दुष्काळामुळे पाऊस' हा क्रम उलटा. मराठीत तीन शब्द आहेत, ते वेगळे ठेवा. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. वापरायला पाणी न पुरणे म्हणजे टंचाई. अन्न, पाणी, चारा यांची ददात पडून माणसे-गुरे हवालदिल होणे म्हणजे दुष्काळ. इंग्रजी 'ड्रॉट' म्हणजे यांतला पहिला. भाषांतरात सर्रास तिसरा वापरतात, आणि तिथेच न सिद्ध झालेले विधान मजकुरात शिरते. तलावातला गाळ आणि गुहेतले लवणस्तंभ अवर्षण सांगतात. लोक उपाशी होते का, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी सांगाड्यांची हाडे, दात, कुपोषणाच्या खुणा तपासाव्या लागतात. टंचाईचा पुरावा आणखी तिसऱ्या प्रकारचा. तिकालला जवळ नदी नाही, सगळी भिस्त साठवण तळ्यांवर. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या तळ्यांच्या गाळात पारा आणि विषारी नीलहरित जीवाणूंच्या खुणा सापडल्या. पारा आला हिंगुळातून, म्हणजे इमारतींना आणि थडग्यांना दिलेल्या लाल रंगातून, पावसाच्या पाण्याबरोबर धुपून. तळ्यात पाणी असूनही प्यायला नाही, ही टंचाई.

दुसरी चूक आकड्याची. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावरच्या चिचांकानाब सरोवरातल्या जिप्समचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पाणी आटून खारट झाले की तळाशी जिप्समचे स्फटिक बनतात आणि त्या वेळचे पाणी स्फटिकात अडकून राहते. त्या पाण्यावरून काढलेला निष्कर्ष असा की पाऊस सरासरी ४१ ते ५४ टक्क्यांनी घटला, आणि सर्वांत कडक काळात ७० टक्क्यांनी. तुमच्या वाक्यात 'टक्क्यांवर' झाले आहे. ७० टक्क्यांनी घटला म्हणजे शंभरातले तीस उरले. ७० टक्क्यांवर आला म्हणजे सत्तर उरले. आपल्याकडे हवामानाच्या बातम्या 'सरासरीच्या सत्तर टक्के पाऊस' अशा छापतात, म्हणून ही चूक हातून सहज होते. पण सत्तर टक्के पावसात मका कसाबसा हाती लागतो, तीस टक्क्यांत पेरणीच वाया जाते.

कातळकडा

लवणस्तंभाबद्दल पुस्ती. छतातून लोंबतो तो अधोमुखी, जमिनीतून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. 'लवण' असले तरी ते मीठ नव्हे, चुन्याचा क्षार असतो. मुले हमखास मीठ समजतात, कंसात लिहा. युकातानमधल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभाचे थर इतके स्पष्ट आहेत की त्यांतून केवळ पावसाळ्याचा हिशेब वेगळा काढता आला. ८७१ ते १०२१ या काळात किमान तीन वर्षे टिकलेली आठ अवर्षणे, त्यांतले सर्वांत लांब सलग तेरा वर्षांचे. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासून बारा वर्षांचा मानतात. मराठी मुलाला तेरा वर्षांचा अंदाज त्यावरून येईल.

शब्दवेध

तुलना चांगली आहे, पण तो स्तंभ उत्तरेचा आहे. कोपानची शेवटची तारीख ८२२, पालेंकेची ७९९. ८७१ नंतरचे अवर्षण त्यांच्या माथी मारता येणार नाही. आणि उत्तर युकातान मुळात दक्षिणेहून कोरडे असताना उश्माल आणि चिचेन इत्सा यांची भरभराट नवव्या-दहाव्या शतकातच झाली. म्हणून 'अवर्षणामुळे' हा '-मुळे' जपून वापरा. 'अवर्षणाची भर पडली' म्हणा. लढाया आधीच पेटल्या होत्या. दोस पिलासला लोकांनी मंदिरे-वाड्यांचे घडीव दगड उपटून घाईने तटबंदी उभारली, ती ७६१ च्या सुमारास, मोठ्या अवर्षणांच्या आधी. राजा म्हणजे 'कुहुल अहाव', पवित्र अधिपती. देवांना रक्त वाहून सृष्टीचा क्रम सांभाळणे हे त्याचे काम. लढाई हरली आणि पाऊसही गेला, की त्याच्यासाठी दगड वाहणार कोण? त्यामुळे राजव्यवस्था मोडली म्हणा. राज्य मोडणे, संसार मोडणे, पंगत मोडणे, मराठीत हे क्रियापद अशाच ठिकाणी चालते.

'गूढरीत्या' त्यामुळे आपोआप निघते. कारणे अनेक आहेत आणि नगरागणिक त्यांचे प्रमाण बदलते. त्याला गूढ म्हणत नाहीत, गुंतागुंत म्हणतात.

पाटीपुस्तक

पाण्याच्या परिच्छेदात 'सेनोते'ला विहीर आणि 'चुल्तुन'ला हौद लिहिले आहे.

कातळकडा

सेनोतेला विहीर म्हणू नका, ती कोणी खणलेली नाही. चुनखडीच्या गुहेचे छत कोसळून खालचे भूजल उघडे पडते, तो सेनोते. युकातानच्या माया भाषेतल्या (युकातेक) 'त्सओनोत'वरून स्पॅनिशांनी केलेला शब्द आहे. जवळचा मराठी शब्द डोह किंवा कुंड, पण मूळ शब्द ठेवून एकदा अर्थ द्यावा.

चुल्तुनसाठी मात्र आपल्याकडे अस्सल शब्द आहे: टाके. आपल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली असतात तीच कल्पना, आकार मात्र सुरईचा. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून चुन्याचा गिलावा, आणि तोंडाभोवती उतरती फरसबंदी म्हणजे अंगणातले पाणी आत यावे. गिलाव्याला तडा गेला की सच्छिद्र चुनखडीतून पाणी झिरपून जाते, म्हणून डागडुजी सतत. उश्मालच्या डोंगराळ भागात सेनोते जवळजवळ नाहीत, तिथे सगळा उन्हाळा या टाक्यांवर काढायचा. दक्षिणेत याच नावाचे खड्डे बहुतेक कोरडे, साठवणीचे असतात. तिथे टाके लिहिले तर चूक होईल. त्याला पेव म्हणा.

पाटीपुस्तक

सुधारलेले वाक्य: 'आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे दीडशे वर्षांत दक्षिणेकडील माया नगरराज्ये एकामागून एक मोडली, नगरे ओस पडली आणि लोक पांगले.' शीर्षक 'उत्तर-अभिजात माया संस्कृती'.

शब्दवेध

वाक्य उत्तम. शीर्षकात घोटाळा आहे. 'उत्तर-अभिजात' वाचून कोणी अभिजात काळाचा उत्तरार्ध समजेल, कोणी त्यानंतरचा काळ. सुमारे २५० ते ९०० अभिजात काळ. त्यातला ६०० ते ८०० हा 'अभिजात काळाचा उत्तरार्ध', ८०० नंतरचे शतकभर 'अभिजात काळाची अखेर', आणि पुढचा तो 'अभिजातोत्तर'. तुमचा पाठ अखेरीबद्दल आहे. 'संस्कृती'ऐवजी 'नगरे' घाला. हिंदीत सभ्यता आणि संस्कृती वेगळ्या, मराठीत दोन्हींना संस्कृतीच म्हणतो, आणि इथे मोडली ती नगरे. मका, भाषा, २६० दिवसांची पंचांगगणना हे सगळे टिकले.

वेलांटी

नकाशावरची नावे तपासा. माया शब्दांतला रोमन 'एक्स' म्हणजे 'श', आणि 'जे' म्हणजे 'ह'. म्हणून 'उक्समल' नव्हे उश्माल, 'यक्स पसाज' नव्हे याश पासाह. 'टिकल'चे तिकाल करा, 'पॅलेंक'चे पालेंके. 'कोपन'मध्ये प ला काना हवा.