मेडिकलवरची ती ट्यूब बंदच करायला हवी की नाही?

रामबागची मावशी, इंदूर
माझ्या भाचीचं लग्न ठरलंय आणि तीन महिने झाले ती रोज रात्री एक ट्यूब चोपडतेय, पार्लरवालीने सांगितलेली. पंधरा दिवसांत अशी उजळली की सगळ्या काकवा नाव विचारायला लागल्या. आता एक दिवस नाही लावली तर चेहरा लालबुंद, आग आग, बारीक पुळ्या, मग परत लावते. ट्यूबवर वाचलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइडच की! माझं म्हणणं, हे विकणंच बंद करा.

दवाबाजारवाला
मावशी, ट्यूबवर कशाला राग? वांगावरचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवरचं औषध आहे ते, थोडे आठवडे, तेही डॉक्टरच्या नजरेखाली. गोरं व्हायला नाहीच. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम 2018 मध्ये कडक केलाय. बंदी घातली तर खऱ्या वांगवाल्यांनी काय करायचं?

रामबागची मावशी
आणि चिठ्ठी मागतं कोण? तुम्ही मागता?

दवाबाजारवाला
खरं सांगू? ओळखीचा असला तर नाही मागत. मी नाही दिली तर शेजारचा देतो.

लोकमान्यनगरकर
घ्या, झालं कबूल! म्हणून म्हणतो आजीचं बरं, बेसन, साय आणि वरून लिंबू.

स्कूटीवाली
काका लिंबू नको हो, लिंबू चोळून उन्हात गेलं की फोड येतात आणि डाग आणखी काळे पडतात. आणि मला तर या ट्यूबपेक्षा त्या बिननावाच्या डब्यांची भीती वाटते, त्यात पारा असतो, 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्याच्या केसेस आल्या होत्या. पारा कातडीतून आत जातो, डबीवर मात्र त्याचं नावही नसतं. मलाही वांग आहे, माझ्या डॉक्टरने अझेलिक अ‍ॅसिड दिलं, नियासिनामाइड आणि रंगीत सनस्क्रीन, त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे साधा दिसणारा उजेडही अडतो, तोही वांग वाढवतो म्हणे. फरक दिसायला तीन-चार महिने गेले, रोज स्कार्फ बांधून फिरले ते वेगळंच.

दवाबाजारवाला
हे पटलं. पण मावशी, भाचीला मनाने एकदम बंद करायला लावू नका, स्टेरॉइड सोडलं की चेहरा भडकतो, तेच चाललंय तिचं. आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ट्यूब सोबत न्या.

रामबागची मावशी
शनिवारी नेते. बंदीचं माझं मत तेच आहे हां. भाची विचारतेय, निदान हळदीला हळद तरी लावू का?