भुईनळे घरी भरावेत का? (ठिणगी टिकणारे, आजोबांसारखे)

खाडीकाठ, रत्नागिरी:
आमच्या वाडीत आजोबा मातीच्या बोळक्यांत भुईनळे घरी भरायचे. ठिणगी माडाच्या अर्ध्यापर्यंत चढायची आणि सारवलेल्या अंगणात पडल्यावरही क्षणभर लाल टिंब राहायचं. बाजारचा अनार भक्कन पेटतो, ठिणगी वरच्या वर संपते. यंदा पोरांना घेऊन पुन्हा भरावेत म्हणतो. सगळंच शिवकाशीहून का यावं? मतं सांगा.

कोयतेवाला, कुडाळ:
ठिणगी टिकते ती कणाच्या जाडीवर आणि जातीवर. पीठासारखी पूड लगेच जळून जाते, जाड कण हवेत जळत जळत खाली येतो. कोळशाची ठिणगी केशरी, लोखंडाची सोनेरी, टिटॅनियमची पांढरीशुभ्र. आणि फाटे फुटतात ते लोखंडातल्या कार्बनमुळे. माझ्या ग्राइंडरवर येऊन बघ. साध्या सळईची ठिणगी लांब, सरळ, फाटे थोडे. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता लावला की तीच ठिणगी टोकाला तडतडून फुलते. एवढं बघूक दारू कशाक भरूक व्हयी?

नरकचतुर्दशी_पोहे:
म्हणजे दिवाळीला अंगणात ग्राइंडर लावायचा? 😀 खाडीकाठ, तुम्ही भराच. हाताची कला अशीच जाते. मे महिन्यात वाडीतली पोरं विहिरीत उड्या मारतात, तेव्हा विहीर बुजवतो का आपण? आणि पूर्वीच्या नळ्यात बेरियम तरी नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाला 2018 मध्ये बेरियमचे क्षार बंद करावे लागले ते बाजारच्या मालातले.

बंदरावरची:
विहिरीत पोहायला शिकवणारा काठावर उभा असतो हो. इथे कोण उभं राहणार? माझ्या मामेभावाने खलबत्त्यात मिश्रण कुटलं होतं. काडी लागली नव्हती, नुसतं घासलं गेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आज तो डाव्या हाताने सही करतो.

शिवाय हवेचा विचार करा. दारूकाम शिवकाशीत वाढलं त्यात तिथल्या कोरड्या हवेचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे दिवाळीतसुद्धा मीठ डब्यात पाणी सोडतं. लोखंडाचा कीस गंजतो, आणि गंजलेल्या किसाची ठिणगी मेलेली. अॅल्युमिनियमची पूड असलेलं मिश्रण ओलं झालं तर आतल्या आत तापू शकतं, पेटूही शकतं. फळीवर ठेवलेलं, कुणी हात न लावता.

नरकचतुर्दशी_पोहे:
बोटांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ती चूक कुटण्याची, कलेची नाही. रीतसर परवाना काढून करता येतं की. जिल्हाधिकारी 15 किलोपर्यंतचा देतात.

बंदरावरची:
तो कारखान्याचा परवाना. त्यासाठी वस्तीपासून लांब, अंतर राखून बांधलेली शेड लागते. माजघरात पोरांना मांडीवर घेऊन भरायला कोणी परवाना देत नाही. विनापरवाना भरलंत तर 1884 चा स्फोटक कायदा आहेच.

खाडीकाठ, रत्नागिरी:
आजोबांच्याही डाव्या भुवईला केस नव्हते. आम्हाला ते जन्मापासूनच तसे वाटायचे. आज आईला फोन करून विचारलं, ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "नळाच होता."

बाजारच्या अनाराबद्दल माझं मत तेच आहे. पण पोरांना घेऊन आधी कुडाळला येतो.

कोयतेवाला, कुडाळ:
ये. पोरांका चश्मे मी देतंय, लांब उभी करूया. येताना घरातले बोथट कोयते घेवन ये.