मदत हवी आहे: कॉलेजच्या ग्रंथालयाची ऑनलाइन प्रसिद्धी कमी खर्चात कशी करावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा आहेत. बरीच मुलं काटोल, सावनेर, उमरेडकडून एसटीनं येतात आणि शेवटचं लेक्चर झालं की बस गाठायला पळतात. ग्रंथालयात निवांत बसणं त्यांना जमत नाही. म्हणून ग्रंथालयच त्यांच्या मोबाइलवर न्यायचं मनात आहे. पण प्रसिद्धीसाठी आमच्या बजेटमध्ये वेगळी तरतूद नाही. जे करायचं ते मोफत किंवा अगदी थोडक्यात व्हायला हवं.

द्यायला आमच्याकडे भरपूर आहे. कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेचं सदस्यत्व आहे, म्हणजे लाखाच्या वर ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि शोधगंगा (पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) तर सगळ्यांनाच खुल्या आहेत. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आम्ही स्कॅन करून ठेवल्यात. पण एन-लिस्टचा रिपोर्ट काढला की वापर दिसतो तो बहुतेक प्राध्यापकांचाच.

परवा बीएस्सी फायनलची एक मुलगी काउंटरवर आली. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकातला अख्खा चॅप्टर झेरॉक्स करायचा होता तिला. म्हटलं, थांब, हे एन-लिस्टवर आहे का बघू. तिचं खातं होतं, पण पासवर्डची मेल गेली होती गावातल्या नेट कॅफेवाल्याच्या पत्त्यावर, कारण प्रवेशाचा फॉर्म तिथूनच भरलेला! तिचा ईमेल बदलून घेतला, लॉगिन करून दिलं, त्याच विषयाची दोन चांगली पुस्तकं उघडून दाखवली. ती म्हणाली, "मॅडम, हे आपल्याला फुकटात भेटते? मग फर्स्ट इयरलाच काऊन नाही सांगितलं कोणी?" इंडक्शनला आम्ही दरवर्षी सांगतो. पण त्या दिवशी सगळ्या विभागांची माहिती एकदम कानावर पडते, त्यातलं पोरांच्या लक्षात काय राहणार?

अडचणी अशा आहेत. कॉलेजची वेबसाइट बाहेरची एजन्सी सांभाळते, एक ओळ बदलायची तरी पत्रव्यवहार करावा लागतो. पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं आमचं सोल सॉफ्टवेअर फक्त कॉलेजातल्या नेटवर्कवर (लॅनवर) आहे, त्यामुळे पुस्तक आहे की नाही हे घरून बघता येत नाही. फेसबुक पेज काढलं होतं, पण तिथे माजी विद्यार्थीच जास्त आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा तर मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. शिवाय स्टाफ कमी, म्हणजे रोज पोस्ट टाकणं होणार नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सुरुवात कुठून करू? आणि भाषा कोणती ठेवू? आमच्याकडे मराठी, हिंदी दोन्ही बोलणारी मुलं आहेत आणि चॅटिंग सगळी रोमन लिपीत चालते.

प्रतिसाद – वर्ध्याची ग्रंथपाल

ताई, तुमच्या धाग्यातला नेट कॅफेवाला आमच्याकडेही आहे. आधी तेच निस्तरा. प्रसिद्धी करून मुलं आली आणि लॉगिनच झालं नाही, तर पुन्हा फिरकत नाहीत. एक गूगल फॉर्म करा: नाव, वर्ग, स्वतः रोज उघडता तो ईमेल. पुस्तक इश्यू करताना काउंटरवरच भरून घ्या. एका सेमिस्टरमध्ये बरीच यादी दुरुस्त होते.

वेबसाइटसाठी एजन्सीच्या मागे लागू नका. गूगल साइट्सवर मोफत पान तयार होतं, कोडिंग लागत नाही. त्यावर एन-लिस्टची लिंक, प्रश्नपत्रिका, वेळा, एवढंच ठेवा. सोलमधून पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढून गूगल शीटवर टाका आणि ती फक्त बघण्यासाठी खुली करा. पुस्तक सध्या इश्यू झालंय का ते कळणार नाही, पण आपल्याकडे आहे एवढं तर घरून कळेल.

क्यूआर कोड करताना एक काळजी घ्या. मोफत म्हणून मिळणारे डायनॅमिक कोड (कोड बनवणाऱ्या कंपनीच्या लिंकवरून फिरून जाणारे) बऱ्याचदा मुदत संपली की बंद पडतात. साधा स्टॅटिक कोड करा, म्हणजे ज्यात पत्ता थेट असतो तो, आणि तो थेट एन-लिस्टला न जोडता आपल्या पानाला जोडा. पुढे लिंक बदलली तर पानावर बदलायची, छापलेले कागद तसेच राहतात. आम्ही तो बॉरोअर कार्डाच्या मागे चिकटवलाय.

प्रतिसाद – हिंगणा रोडचा विद्यार्थी

मी एमएस्सी करतो. मॅडम, खरं सांगतो, "ग्रंथालयाच्या सेवांचा लाभ घ्यावा" असं पोस्टर आम्ही वाचत नाही. पण इंटर्नलच्या आठवड्यात "सेम ४ फिजिकल केमिस्ट्रीचे जुने पेपर इथे" असा मेसेज आला की अर्ध्या तासात सगळ्या वर्गाकडे जातो. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट, आणि ज्या आठवड्यात लागते त्याच आठवड्यात. रोज पोस्ट करायची गरजच नाही.

नंबरांचा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलनं सुटतो. फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. लिंक प्रत्येक वर्गाच्या सीआरला (वर्गप्रतिनिधीला) द्या, वर्गाच्या ग्रुपवर तो टाकेल. भाषेचं म्हणाल तर बोलतो तशी साधी मराठी ठेवा, हिंदीवाल्यांनाही समजते. व्हिडिओ करायचा तर मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करून लॉगिन कसं करायचं तेवढं अर्ध्या मिनिटात दाखवा. आवाज एखाद्या विद्यार्थ्याचा असला तर जास्त बघतील.

अजून एक. माझे कितीतरी मित्र महिन्याला पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतात आणि कॉलेजची रीडिंग रूम दुपारी रिकामी असते. पंखे चालू, पाणी थंड, हे कोणाला माहीतच नसतं. तिचा फोटो आणि वेळ टाका. गूगल मॅप्सवरही वेळ बरोबर आहे का बघा.

प्रतिसाद – निवृत्त ग्रंथपाल, धरमपेठ

वरच्या दोघांनी मोलाचं सांगितलं. माझी भर दोन गोष्टींची.

चौकशीसाठी स्वतःचा मोबाइल नंबर देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लँडलाइन नंबरवर सुरू करता येतं. पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. त्यात ठरावीक उत्तरं साठवता येतात आणि वेळेनंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. ग्रंथालयाचा लँडलाइन अशा कामाला लावा. मात्र तो डायरेक्ट लाइनचा हवा, एक्स्टेंशनचा चालणार नाही.

दुसरी गोष्ट कॉपीराइटची. उत्साहाच्या भरात कोणी प्राध्यापक अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ चॅनेलवर टाकायला सांगतील. टाकू नका, नाव संस्थेचं जातं. मराठीसाठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकंही त्यांच्या साइटवर खुली आहेत. त्यांच्या लिंक द्या.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे मला नेहमीच सगळ्यात अवघड वाटत आलं. तुम्ही नेमकं तेच काम हाती घेतलंय. 12 ऑगस्टला त्यांची जयंती आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतोच. यंदा फोटोला हार घालून झाल्यावर प्रथम वर्षाच्या मुलांचे लॉगिन तिथेच बसून सुरू करून द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेलचा फॉर्म आजच केला, सोमवारपासून काउंटरवर भरून घेते. लँडलाइनची कल्पना तर डोक्यातच आली नव्हती. आमचा नंबर डायरेक्ट लाइनचा आहे, प्राचार्यांशी बोलते. गूगल साइट्सचं पान आधी आणि चॅनेल त्यानंतर, कारण चॅनेलवर द्यायला लिंक तर हवी.

रीडिंग रूमचं वाचून वाईट वाटलं. सुट्टीच्या दिवसांतही आम्ही ती उघडी ठेवतो. फोटो उद्याच काढते.

एक विचारायचं राहिलं: एन-लिस्टचं लॉगिन आणि पासवर्ड बदलणं दाखवणारं मराठी रेकॉर्डिंग कोणाकडे तयार असेल तर लिंक द्याल का? नसेल तर आमच्या त्या बीएस्सीच्या मुलीलाच विचारते, तिचा आवाज छान स्पष्ट आहे. झालं की इथे टाकते, ज्यांना लागेल त्यांनी खुशाल वापरावं.