मदत हवी आहे : ‘द स्टिंग’ पुन्हा पुन्हा का पाहावासा वाटतो?

जॉर्ज रॉय हिल यांचा १९७३ सालचा ‘द स्टिंग’ हा चित्रपट मी नुकताच तिसऱ्यांदा पाहिला आणि शेवट ठाऊक असूनही तितकाच रंगून गेलो. १९३६ च्या शिकागोतील सट्ट्याचा बनावट अड्डा, शर्यतीचे तारेने आलेले निकाल थोडा वेळ रोखून आधीच पैज लावता येते असे भासवण्याची युक्ती, पॉल न्यूमन-रॉबर्ट रेडफर्ड ही नटांची जोडी, हे सारे कळते. परंतु ज्याला फसवण्यासाठी हा डाव रचला जातो त्या गुंडाबरोबर आपणही फसवले गेलो याचा राग न येता आनंद का होतो, हे मला नेमके मांडता येत नाही. (चित्रपटात वापरलेले स्कॉट जॉप्लिन यांचे रॅगटाइम संगीत तर त्या काळाच्या बरेच आधीचे, तरीही खटकत नाही!) पटकथेत प्रेक्षकापासून काय, केव्हा आणि कसे लपवले आहे, हे आपल्यापैकी कोणी जाणकार उलगडून सांगतील का?