शब्दचर्चा : 'नडसुर'ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात बलुची संगीताची बैठक आहे. मराठी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच ओळीत अडलेय. पाकिस्तानातल्या सुलेमान डोंगररांगांतल्या बलोच लोकांत 'नडसुर' नावाचा प्रकार आहे. नड म्हणजे लांब, दोन्ही टोकांना उघडी बासरी. ती फुंकता फुंकताच वाजवणारा घशातून एक जाड सूर घुमवत ठेवतो. इंग्रजीत याला सरसकट 'थ्रोट सिंगिंग' म्हणतात, म्हणून मी 'कंठगायन' लिहिलं. मंडळातल्या एका काकांनी समासात लाल पेनाने लिहून पाठवलं, "मग बाकीचे कुठून गातात?" शब्द सुचवा.

•

काकांचं बरोबर आहे. शिवाय 'कंठसंगीत' हा शब्द वाद्यसंगीताच्या जोडीला आधीच राबतोय, त्यामुळे घोळ वाढेल. 'घशातलं गाणं' म्हटलं तर गायकाला पडसं झाल्यासारखं वाटतं. मी 'खर्जगायन' म्हणेन.

•

खर्जगायन नको. खर्ज लावून गाणारे आपल्याकडेही आहेत, पण ते तेव्हा बासरी फुंकत नसतात. आणि हे तुवा-मंगोलियातलं खोमेईसुद्धा नव्हे. खोमेईत एकाच गळ्यातून खालचा सूर निघतो आणि त्याच्यावर शिट्टीसारखा दुसरा तरंगतो. त्या वरच्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, स्वयंभू स्वर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, त्याच जातीचा. नडसुरात वरचं काम बासरी करते आणि वाजवणाऱ्याचा गळा खाली सूर धरून बसतो. मंगोलियातच जवळचं नातं शोधायचं तर 'त्सूर' ही बासरी पाहा. तीही अशीच घशाच्या आवाजासकट वाजते. युनेस्कोने २००९ मध्ये तिला तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं.

•

'सूर धरणे' यावरच थांबा की! सनई-चौघड्यात एक जण सनई वाजवतो आणि शेजारचा नुसता सूर धरतो. नडसुरात हे दोघे एकाच माणसात बसलेत.

ज्यांना पटत नसेल त्यांनी सरबताची रिकामी बाटली घ्यावी, तोंडावर आडवी फुंकर मारावी आणि तेव्हाच घशातून 'हूं' काढावं. मी आत्ता स्वयंपाकघरात करून पाहिलं. पहिल्या चार वेळा नुसती हवा गेली, पाचव्यांदा दोन्ही आवाज एकदम निघाले आणि ओठ गुदगुल्या झाल्यासारखे थरथरले. दम मात्र चटकन संपतो. बाटलीला फुंकर आणि घशाला आवाज एकाच श्वासातून पुरवायचा असतो.

•

एक दुरुस्ती. तुमच्या मसुद्यात दोन ठिकाणी 'नाद' झालंय. रोमन लिपीतून उचललं की हे होतंच. शब्द 'नड' आहे. संस्कृतात नड म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत. आपले नळ, नळी त्याच घरातले. कच्छमध्ये बन्नीकडेही हे वाद्य याच नावाने ओळखतात. मराठीत नुसतं 'नड' लिहिलंत तर वाचणाऱ्याला पैशांची नड आठवेल, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे 'नड बासरी' लिहा.

'सुर'कडेही लक्ष द्या. त्या मुलखात सुर म्हणजे एक स्वर एवढंच नाही. शेजारच्या सिंधमध्ये शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातल्या प्रकरणांनाच 'सुर' म्हणतात, सुर ससुई, सुर सारंग अशी.

•

मजा अशीच 'पैलवान'ची. मकरानात, म्हणजे बलुचिस्तानच्या किनारी मुलखात, पहलवान म्हणजे कुस्तीगीर नव्हे, वीरगाथा गाणारा. चाकर आणि ग्वाहराम या बलोच सरदारांचं युद्ध, हानी आणि शेह मुरीदची प्रेमकथा हे त्याचे विषय. साथीला सुरोज़ हे गजाने वाजवायचं वाद्य आणि ताल धरायला दंबूरग हे छेडायचं तारवाद्य. टिपणात 'पैलवान गातात' असं उघडं वाक्य टाकू नका, लोक हसतील. मी 'शाहीर' म्हणेन. डफ-तुणतुणं नसलं तरी काम तेच.

•

अवांतर: बैठकीत उस्ताद नूर बख्श असणार ना? पसनीकडचे, विजेवरचं बेंजू वाजवणारे. म्हातारपणी २०२२ नंतर जगभर पोहोचले. हे बेंजू म्हणजे आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीतल्या बेंजोचं भावंड. दोघांचंही मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात निघालेलं, टंकलेखन यंत्रासारख्या कळांचं. अमेरिकेतल्या बँजोशी नाव सोडून काही संबंध नाही. हे टिपणात आलं तर लालबाग-परळची मंडळी कान टवकारतील.

•

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. 'कंठगायन' काढलं. आता असं लिहिलंय: "नडसुर: नड बासरी फुंकतानाच वाजवणारा घशातून सूर धरतो, आणि बहुधा शेजारी बसलेला दुसरा माणूस गातो." नाव तसंच ठेवलं, भाषांतर केलं नाही. शाहीर घेतला. बेंजोचा परिच्छेदही घेतला, फक्त पसनी कुठे ते कंसात घातलं: मकरानच्या किनाऱ्यावर.

आता 'ज़हीरोक'पाशी अडलेय. ज़हीर म्हणजे ओढ, आठवणीने जीव कासावीस होणं. मुळात बायका जात्यावर दळताना ही विरहगीतं म्हणत, उंटांच्या तांड्याबरोबर चालणारे पुरुषही म्हणत. मी 'ओवी' लिहून खोडलं. जातं तेच आहे, पण ओवी म्हटलं की विठ्ठल येतो, माहेर येतं, आणि उंटवाला कुठल्या कुठे निघून जातो. 'ओढ' लिहू का? आणि नुक्ता ठेवू की नुसतं 'जहीरोक' चालेल?