अकरावीच्या मुलांना कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या हक्कांविषयी कसे शिकवावे?

प्रश्न – अर्थशास्त्र शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

सर्व सदस्यांना नमस्कार. मी एका खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी कापूस पिकतो, किंवा त्यांच्या आया हंगामात दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जातात. जागतिकीकरणाचा धडा शिकवताना मी बांगलादेशातील राणा प्लाझा या कपडे कारखान्यांच्या इमारतीच्या दुर्घटनेचा उल्लेख केला, तेव्हा वर्गात कोणालाही ती माहीत नव्हती, आणि हे स्वाभाविकही आहे, कारण 2013 मध्ये ही मुले अंगणवाडीच्या वयाची होती. मात्र एका मुलीने विचारले, “मॅडम, आपला कापूस तिथे जात असेल का?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात या विषयाला दोन दिवस द्यावेत, असा माझा विचार आहे. अल्प वेतनावर, असुरक्षित इमारतीत, ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक तास राबवून घेणारे कारखाने जगभर का टिकून आहेत, हे मुलांना समजावे, अशी इच्छा आहे. दोन गोष्टींची मला काळजी वाटते. एक म्हणजे, मुलांच्या मनात केवळ दया उत्पन्न होऊन विषय तिथेच संपू नये. दुसरी अशी की, बाजारातील सर्वांत स्वस्त कपडा घेणाऱ्या घरांतील मुलांना ‘स्वस्त कपडे घेऊ नका’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर – निवृत्त शिक्षक, हिंगणघाट

मॅडम, त्या मुलीच्या प्रश्नापासूनच आरंभ करावा. बांगलादेशात कापूस नाममात्र पिकतो, त्यामुळे तेथील गिरण्यांना रुई आणि सूत बाहेरून आणावे लागते, आणि भारत हा त्यांचा एक मोठा पुरवठादार आहे. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, अनेक गावांचा कापूस एकत्र होतो, म्हणून अमुक गठाण अमुक शेतातील आहे असे नंतर कोणी सांगू शकत नाही. परंतु आपल्या भागातील कापूस त्या साखळीत असू शकतो, एवढे निश्चित सांगता येईल.

त्यानंतर मुलांकडून गणित करवून घ्यावे. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई मिळते. 200 ग्रॅम वजनाच्या टी-शर्टला सूतकताईतील घट धरून सुमारे 250 ग्रॅम रुई लागते, म्हणजे साधारण पाऊण किलो कापूस झाला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. त्या हिशेबाने एका टी-शर्टातील कापसाचे सुमारे 60 रुपये होतात, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. किलोमागे वेचणीची मजुरी किती मिळते, हे मुलांनी आपल्या आईला विचारून लिहून आणावे. दुकानातील किंमत शेजारी लिहिली, की मधले पैसे कोणाकोणाकडे गेले हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

राणा प्लाझाविषयी सांगताना मृतांच्या आकड्यापाशी थांबू नये, आदल्या दिवशी काय घडले ते अवश्य सांगावे. 23 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळील सावर येथील त्या आठ मजली इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी येऊ दिले नाही. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. न आल्यास पगार बुडेल ही भीती होती, आणि त्यांच्या वतीने ‘आम्ही आत जाणार नाही’ असे सांगणारी संघटना तेथे नव्हती. 24 तारखेच्या सकाळी इमारत कोसळली आणि 1,134 माणसे मेली. तडे सर्वांनाच दिसले होते, पण आत जाण्यास नकार देणे कोणाला परवडणारे होते आणि कोणाला नव्हते, यावर मुलांनी चर्चा करावी. माझ्या मते त्या दोन दिवसांतील सर्वांत महत्त्वाचा तास तोच ठरेल.

त्याच वर्षी मे महिन्यात कामगार संघटना आणि विदेशी कपडे कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला, पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. तो कायद्याने बंधनकारक असल्यामुळे कारखान्यांची स्वतंत्र तपासणी झाली आणि हजारो त्रुटी दूर कराव्या लागल्या. मुलांपर्यंत हा भाग पोचला नाही, तर कामगारांच्या नशिबी केवळ मरण आहे असे त्यांना वाटेल. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल या कपडे कारखान्यातील आगीत 146 जण मेले, कारण बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद होते. त्यानंतर तेथील कायदे बदलले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची. तेथे किंवा वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गिरणीत राबलेले आजोबा आपल्या परिसरात सापडले, तर त्यांना शिबिरात जरूर बोलवावे.

उत्तर – शिलाई कामगार, अमरावती जिल्हा

मॅडम, मी बेंगळुरूच्या एका कपडे कारखान्यात अनेक वर्षे मशीनवर काम केले आहे, म्हणून लिहिते. कौशल्य प्रशिक्षण संपले, की आपल्या भागातील मुलींना दक्षिणेकडील कारखान्यांत नेले जाते. तुमच्या विद्यार्थिनींपैकी काही जणी बारावीनंतर तिकडे जातील, म्हणून हा विषय त्यांना परक्या देशाचा म्हणून शिकवू नका.

तेथे तासाचे टार्गेट असते. ते पूर्ण झाले नाही तर सुपरवायझर सर्वांसमोर बोलतो, आणि त्या भीतीने बायका पाणी कमी पितात, कारण शौचालयाला जाण्यात वेळ जातो. टार्गेट राहिले म्हणून सुट्टीनंतर थांबवून घेतात आणि त्या वेळेची नोंद कुठेच होत नाही. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळाला पाहिजे असे कारखाना कायदा 1948 मध्ये लिहिलेले होते, हे मला नोकरीची काही वर्षे गेल्यावर एका सहकारिणीकडून कळले. ते शाळेत कळले असते, तर मी पहिल्याच महिन्यात विचारले असते.

म्हणून मुलांच्या हातात खरी वेतनचिठ्ठी द्या, नाव झाकून. मूळ वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि जादा तास हे रकाने त्यांना वाचता आले पाहिजेत. नेमणूकपत्र मागावे, राहण्याच्या जागेतून बाहेर जाण्यास बंदी आहे का हे आधी विचारावे, आणि आपली मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

आणखी एक प्रसंग सांगा. केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधी काढण्यावर निर्बंध आणले, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये बेंगळुरूच्या हजारो शिलाई कामगार रस्त्यावर आल्या. बहुतेक सर्व बायकाच होत्या. दुसऱ्याच दिवशी सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

उत्तर – कापूस उत्पादक, आर्णी तालुका

विषयाला माझा विरोध नाही. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. ढाक्यातील कामगारांविषयी बोलताना आपल्या वावरातील मजूर विसरला जाऊ नये. 2017 च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्यांतील कित्येकांजवळ हातमोजे नव्हते की मुखवटा नव्हता. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, तरी वेचणीच्या दिवसांत वर्गातील कोणते बाक रिकामे असतात हे आपण शिक्षक म्हणून जाणता.

त्याचबरोबर, हे शिकवताना कोरडवाहू शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, ही विनंती आहे. वेचणीची मजुरी वाढावी असे मलाही वाटते, परंतु भाव पडला की ती कोठून द्यावी हे मला समजत नाही. तो हिशेबही मुलांसमोर मांडावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिला दिवस गणित, फवारणी आणि वेचणी यांना, दुसरा दिवस राणा प्लाझा आणि वेतनचिठ्ठी यांना, अशी विभागणी मी करणार आहे. ताई, नाव झाकलेली एखादी वेतनचिठ्ठी आपण पाठवू शकाल का? एक प्रश्न अजून शिल्लक आहे. शिबिरानंतर मुलांनी प्रत्यक्षात काय करावे? बहिष्काराचा मार्ग मला पटत नाही.

उत्तर – निवृत्त शिक्षक, हिंगणघाट

बहिष्काराने मागणी घटली, तर पहिली नोकरी त्या शिलाई करणाऱ्या बाईचीच जाते, त्यामुळे आपला संकोच योग्य आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. आपल्या विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे कोणत्या कारखान्यात शिवले जातात, त्याची यादी त्यांनी विद्यापीठाकडे मागितली, धरणे दिले, आणि 2000 मध्ये त्या कारखान्यांची चौकशी करणारी ‘वर्कर राइट्स कन्सॉर्शियम’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

आपल्या मुलांना हे गणवेशापासून करता येईल. 2024-25 मध्ये राज्यातील शाळांच्या गणवेशांची शिलाई महिला बचत गटांकडे दिली होती, नंतर गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. गावातील ज्या बायकांनी ते शिवले, त्यांना नगामागे किती पैसे मिळाले, ते केव्हा मिळाले, आणि एका गणवेशाला किती वेळ लागला, हे मुलांनी घरोघरी जाऊन विचारावे. नंतर ती माहिती समितीच्या बैठकीत लेखी मांडावी आणि पुढील वर्षी शिलाईचा दर ठरवताना शिवणाऱ्या बाईलाही बैठकीस बोलवावे, अशी मागणी करावी. अर्जावर मुलांच्या सह्या असाव्यात, आणि पोच घेण्यास विसरू नये.