मदत हवी आहे: हक्क कागदावर किती आणि अमलात किती, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. चवथीला लिस्बनहून भाचा आला होता. आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला. बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बसून म्हणतो, "मामा, तुमचे हक्क कागदावरचे, आमचे खरे." ते मनाला लागलं, आणि आता फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात याच विषयावर बोलायचं कबूल करून बसलोय.

आतापर्यंत जमवलेलं असं. मूलभूत हक्कांसाठी कलम ३२ खाली आपण थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, ही काही साधी गोष्ट नव्हे. पण १९९३ च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग फक्त शिफारस करतो, आणि घटनेला वर्ष उलटलं की चौकशीही करू शकत नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण नुसती सहीच; करार बंधनकारक करणारं अनुमोदन दिलेलं नाही. पोर्तुगालने १९७८ मध्ये युरोपीय मानवाधिकार करार स्वीकारला. देशातले मार्ग संपले की तिथला माणूस स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जातो आणि निकाल सरकारवर बंधनकारक असतो. मात्र आपल्या देशातले खटले रेंगाळतात म्हणून खुद्द पोर्तुगालच तिथे अनेकदा दोषी ठरलाय. हे भाच्याने सोयीस्कर गाळलं!

माझं घोडं अडलंय ते मोजमापावर. दोषी ठरल्याचे निकाल मोजले तर जिथे दाद मागणं सोपं, तोच देश वाईट दिसतो. मग काय धरायचं? भरपाई खरोखर हातात पडली का, हे? कुणी वकील किंवा राज्यशास्त्राचे शिक्षक असाल तर सांगा. आयोगाच्या शिफारशींपैकी किती पाळल्या गेल्या, हे वार्षिक अहवालात नेमकं कुठे शोधायचं? मराठीतलं काही वाचायला सुचवलंत तर फारच बरं.